सिस्टर केनी : एका परिचारिकेचा लढा

वैद्यकाच्या इतिहासात शोधकांची नावे राहतात. रुग्णाच्या उशाशी बसून ज्यांनी पाहिले, त्यांची सहसा राहत नाहीत. म्हणून आज आम्ही एका परिचारिकेची हकीकत सांगणार आहोत. तिची उपपत्ती चुकली होती, तरीही शेकडो अपंग मुलांना तिच्यामुळे लाभ झाला.

एलिझाबेथ केनी हिचा जन्म १८८० साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात झाला. परिचर्येचे रीतसर शिक्षण तिने घेतल्याचा पुरावा नाही. क्वीन्सलंडच्या खेड्यापाड्यांत घोड्यावरून हिंडून ती शुश्रूषा करी. १९११ साली अवयव लुळे पडलेले एक मूल तिने पाहिले व तारेने डॉक्टरांचा सल्ला मागविला. हा पोलिओ आहे, यावर उपाय नाही, जमेल ते करावे, असे उत्तर आल्याचे ती आत्मचरित्रात सांगते. तेव्हा तिने लोकरीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून आखडलेल्या स्नायूंना शेक दिला. आणि वेदना उतरल्यावर तो अवयव हलविण्यास मुलाला पुन्हा शिकविले.

तत्कालीन मान्य चिकित्सा याच्या उलट होती. अवयव वाकडा होऊ नये म्हणून तो फळ्यांत व प्लास्टरात महिनोन् महिने जखडून ठेवीत. हेतू चांगला, पण जखडलेले स्नायू ताठरत आणि वाळत. केनीने या फळ्या काढावयास लावल्या. क्वीन्सलंडच्या राजकीय चौकशी मंडळाने १९३८ साली तिच्या पद्धतीविरुद्ध कौल दिला.

१९४० साली, साठीच्या उंबरठ्यावर, दत्तक कन्या मेरी हिला घेऊन ती अमेरिकेत गेली. मेरीही ही पद्धत शिकलेली होती. मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी रुग्ण पाहू दिले, १९४१ साली अनुकूल अहवाल छापला, आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथे केनी संस्था उघडली. १९५० साली अमेरिकन काँग्रेसने या परदेशी बाईला मुक्तपणे येण्याजाण्याची मुभा देणारा कायदा केला.

येथे आम्हांस पक्षपात करावयाचा नाही. रोग मुळात स्नायूंचा आहे, असे ती मानी. वस्तुतः पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक पेशी मारतो. मेलेली पेशी शेकाने जिवंत होत नाही. तिचे दावे अवास्तव होते, स्वभाव भांडखोर होता. १९४४ साली अमेरिकन डॉक्टरांच्या एका समितीने तिच्यावर कडक टीका केली, ती सर्वस्वी मत्सरातून नव्हती.

परंतु मूळ प्रश्न उरतोच : मुलाला दुखते आहे हे कोणाच्या ध्यानात आले? फळ्या बांधणाऱ्यांपाशी उपपत्ती होती; केनीपाशी निरीक्षण होते. १९५२ साली ती वारली. तीन वर्षांनी साल्कची लस आली. मात्र जगलेल्या मुलांना पुढे चालावयाचे होते, आणि त्यांच्यासाठी शेक, हालचाल व स्नायूंचे पुनःशिक्षण ही तिची पद्धत आधुनिक भौतिकोपचाराच्या पायात गेली. अपंगाला जखडून नीट ठेवण्यापेक्षा त्याला हालते करावे, हा तिचा आग्रह मात्र खरा ठरला. आमच्या मते तिचा ऐतिहासिक अधिकार एवढाच, पण तो लहान नाही.