शब्द उसना, अर्थ कोणाचा? स्टोइक विचार, आरंभीचा ख्रिस्ती धर्म आणि एक मराठी पुराण

१/ इ.स. १६१६. गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर येथे एक मराठी ओवीबद्ध ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. कर्ता इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स, ओव्या सुमारे ११,०००, नाव ‘ख्रिस्तपुराण’.

२/ या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी, म्हणजे परंपरेने संत नामदेवांचे मानले जाणारे जन्मगाव. तेथून पंढरपूरपर्यंत कीर्तनात ऐकू येणारा हाच शब्द. पण स्टीफन्सच्या वैकुंठात विष्णू नाही. शब्द वैष्णवांचा, त्यातील देव ख्रिस्ती.

३/ असाच एक प्रश्न दीड हजार वर्षे मागे नेतो. ख्रिस्ती धर्म नवा होता, तेव्हा त्याने ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांकडून केवळ शब्द घेतले, की विचारही?

४/ इ.स.पू. ३०० च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये हा पंथ स्थापन केला. विश्वाला व्यापून असलेली विवेकशक्ती म्हणजे ‘लोगोस’. तिच्याशी सुसंगत जगणे हाच सद्गुण. प्रत्येक मनुष्यात तिचा अंश आहे, म्हणून सारे एकाच विश्वनगरीचे नागरिक.

५/ संपर्काचा पुरावा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार पॉल मूळचा तार्सस नगरीचा. ती स्टोइक विद्येसाठी प्रसिद्ध होती. त्याच ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात तो अथेन्समध्ये स्टोइकांशी वाद करतो आणि आरातस या ग्रीक कवीचे वचन उद्धृत करतो. मूळ काव्यात ते झ्यूसविषयी आहे; पॉल ते आपल्या देवाकडे वळवतो. मात्र मृतांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काही श्रोते त्याची थट्टा करतात.

६/ साम्य मोहात पाडते. रोमन स्टोइक सेनेका हा पॉलचा समकालीन. सेनेकाचा भाऊ गॅलिओ अखया प्रांताचा अधिकारी असताना पॉलला त्याच्यासमोर उभे करण्यात आले होते. पुढे सेनेका आणि पॉल यांचा १४ पत्रांचा व्यवहारही प्रसृत झाला. ती पत्रे बनावट आहेत. चौथ्या शतकातील कोणीतरी ती रचली. हवा होता तो पुरावा मिळाला नाही, म्हणून तो तयार करण्यात आला.

७/ योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ‘लोगोस’नेच होतो. पण हा शब्द अलेक्झांड्रियाच्या फायलो या ज्यू विचारवंतानेही वापरला होता. त्यामुळे तो थेट स्टोइकांकडूनच आला असे म्हणता येत नाही. शिवाय योहानाचा लोगोस देह धारण करतो. सर्व सृष्टीत समान भरलेली विवेकशक्ती एका विशिष्ट माणसात अवतरली, ही कल्पना स्टोइक चौकटीत बसत नाही.

८/ उसनवारी कोणत्या परिस्थितीत झाली, हेही तपासावे लागते. साष्टीत पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये मंदिरे पाडली होती. ‘वैकुंठ’ हा शब्द राज्यकर्त्यांच्या धर्माने उचलला. रोमन साम्राज्यात चित्र उलटे होते. तेथे ख्रिस्ती सत्ताहीन होते आणि प्रतिष्ठित पंथाची भाषा वापरून आपली बाजू मांडत होते.

९/ दुसऱ्या शतकातील जस्टिन हा त्यांतलाच एक. लोगोसची बीजे सर्व मानवांत आहेत, ही स्टोइक परिभाषा घेऊन त्याने लिहिले की विवेकाने जगलेला सॉक्रेटिसही एक प्रकारे ख्रिस्तीच होता.

१०/ इ.स. १६५ च्या सुमारास रोममध्ये त्याच्यावर खटला चालला. न्यायासनावर होता नगराधिकारी जुनियस रस्टिकस, सम्राट मार्कस ऑरेलियसचा स्टोइक गुरू. रोमन देवांना यज्ञ करण्यास जस्टिनने नकार दिला. रस्टिकसने त्याला मृत्युदंड फर्मावला. लोगोस हा शब्द दोघांचाही होता.