नक्कल चालू का होत नाही? एम्युलेटरच्या साठ वर्षांची गोष्ट

तहसील कार्यालयात आपण सातबाऱ्याची ‘नक्कल’ मागतो. पोरगा मास्तरांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो. तो अरबी ‘नक्ल’वरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ आहे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. उर्दूत हा अर्थ अजून जिवंत आहे. घर बदलून दुसरीकडे राहायला जाण्याला उर्दूत ‘नक्ल-ए-मकानी’ म्हणतात. कॉम्प्युटरमधला एम्युलेटर समजून घ्यायचा तर नक्कलेचा हा दुसरा अर्थ जास्त कामाला येतो. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम बिऱ्हाड उचलून दुसऱ्या यंत्रावर राहायला जातो आणि आपण घर बदलल्याचे त्याला कळतही नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. आमच्या शेजारच्या मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता बैठकीत पुष्कळदा तंबोऱ्याऐवजी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी ठेवतात. ती आवाज तंबोऱ्याचा देते, पण आत ना भोपळा असतो ना तार. हा झाला सिम्युलेटर. बाहेरचा परिणाम मिळाला की त्याचे काम संपले. एम्युलेटर मात्र आतले यंत्रच सॉफ्टवेअरने उभे करतो. मोबाईलच्या एम्युलेटरमध्ये प्रोसेसर, मेमरी, पडदा सगळे आभासी असते, पण त्यावर चालणारे अँड्रॉइड खरे असते.

या कल्पनेचे बीज ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६ च्या निबंधात सापडते. योग्य सूचना दिल्या तर एकच यंत्र इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकेल, हे त्याने कागदावर सिद्ध केले. प्रत्यक्ष गरज पडली १९६० च्या दशकात. आयबीएमचे १४०१ हे यंत्र तेव्हा जगभर चालत होते. आपल्याकडे मुंबईत एस्सो या तेल कंपनीत ते १९६१ मध्ये आले. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली. तिची रचना पूर्ण वेगळी होती. मग जुन्या यंत्रासाठी वर्षानुवर्षे मेहनतीने लिहिलेल्या प्रोग्रामांचे काय? ते सगळे टाकून नव्याने लिहायचे म्हटले तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला असता. हनीवेल कंपनी तर १४०१ चे प्रोग्राम चालवू शकणारे यंत्र घेऊन बाजारात उभीच होती. आयबीएमने तोड काढली. नव्या यंत्राच्या आतच अशी सोय केली की गरज पडेल तेव्हा ते जुन्या यंत्रासारखे वागेल. या सोयीला त्यांनी ‘एम्युलेटर’ असे नाव दिले. माणसांचे श्रम वाया जाऊ नयेत, ही त्यामागची निकड होती.

पुढचा टप्पा एका यंत्रात अनेक यंत्रे नांदवण्याचा. १९७२ मध्ये आयबीएमने मोठ्या संगणकांवर ही सोय सर्वांना उपलब्ध केली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा अभ्यासकांनी त्यासाठी प्रोसेसर कसा असावा याचे नियम मांडले. पाहुणी प्रणाली नाजूक आज्ञा देऊ लागली की घरमालकाला त्याची खबर लागली पाहिजे, असा त्याचा सारांश. आपल्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर या परीक्षेत नापास होत होता. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या, ज्या घरमालकाला न कळवता चालत. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या युक्तीने यावर मात केली. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय थेट प्रोसेसरमध्ये घातली. ‘व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात ती हीच.

पण नव्या सोयीबरोबर नवी भीतीही आली. २००६ मध्येच योआना रुटकोवस्का या पोलिश संशोधिकेने दाखवून दिले की याच सोयीचा वापर करून एखादा घातक प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खाली दडून बसू शकतो. पुष्कळ कॉम्प्युटर हा खटका बंद ठेवूनच विकले गेले. आजही अनेक जुन्या यंत्रांत तो बंदच सापडतो.

आता मोबाईलकडे येऊ. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये ‘क्यूएमयू’ हा एम्युलेटर सर्वांसाठी खुला केला. अँड्रॉइडचा एम्युलेटर त्याच्याच पायावर उभा राहिला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये लोकांच्या हाती आला. पहिला अँड्रॉइड फोन मात्र ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. म्हणजे फोनच्या आधी जवळपास वर्षभर एम्युलेटर होता. त्या काळात ॲप बनवण्याची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि १,७८८ प्रवेशिका आल्या. त्यांत भारतातल्याही होत्या. दुकानात जाऊन अँड्रॉइड फोन विकत घेणे त्यांच्यापैकी कुणालाच शक्य नव्हते. त्यांनी काम केले ते नक्कलेवर.

हा इतिहास मला आमच्या कवठे महांकाळच्या एका मुलीमुळे वाचावा लागला. दहावी झालेली, घरी दख्खनी बोलणारी, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिणारी. तिला मराठी-उर्दू शब्दसंग्रहाचे ॲप बनवायचे होते. घरात चांगला फोन एकच, तो अब्बांच्या खिशात, आणि अब्बा सकाळीच द्राक्षबागेच्या कामावर जातात. तिच्याकडे होता मामांनी सेकंडहँड घेऊन दिलेला कॉम्प्युटर. त्यावर एम्युलेटर उघडायचा, काळी चौकट यायची आणि मिटून जायची. “सर, ये चालूच नै हो रा,” ती म्हणाली. दोन वेळा काढून पुन्हा टाकूनही तेच. घरात बोलणे सुरू झाले होते की हे आपल्या आवाक्यातले काम नव्हे, कॉम्प्युटर विकून टाकू.

आमच्या तालुक्यातल्या माणसाला हा बिघाड समजावून सांगणे सोपे आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेतून उचलून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते. खालच्या टप्प्याचा पंप बंद असेल तर वरच्या शेतकऱ्याने आपला पाट कितीही साफ केला तरी पाणी येणार नाही. एम्युलेटरचेही असेच टप्पे आहेत. सगळ्यांत खाली प्रोसेसर आणि बायोस, त्यावर विंडोज, त्यावर एम्युलेटर आणि सर्वांत वर अँड्रॉइड. म्हणून तपासणी खालून वर करायची.

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केले की ‘व्हर्च्युअलायझेशन’ची ओळ दिसते. तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर कॉम्प्युटर सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जावे. कोणते बटण, ते कंपनीनुसार बदलते. इंटेलच्या यंत्रात ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम मोड’ चालू करून सेव्ह करावे. दुसरा टप्पा विंडोजचा. तिथल्या फीचर्सच्या यादीत ‘विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म’ चालू करावे. जुन्या मार्गदर्शनात ‘हॅक्सम’ टाकायला सांगितलेले असते, पण इंटेलने त्याचे काम २०२३ मध्ये थांबवले आहे. तिसरा टप्पा जागेचा. डिस्कवर काही जीबी मोकळी हवीत, आणि मेमरी कमी असेल तर अँड्रॉइडची जुनी, हलकी आवृत्ती निवडावी. इंटेल-एएमडीच्या यंत्रावर एक्स८६ प्रकारचीच प्रतिमा घ्यावी. एवढे करूनही अडले तर ‘कोल्ड बूट’ करून पाहावे. ‘वाइप डेटा’ अगदी शेवटी, कारण त्याने नकली फोनमधले सगळे पुसले जाते.

त्या मुलीच्या यंत्रात पहिल्याच टप्प्यावर खटका बंद होता. तो चालू केल्यावर पडद्यावर फोन उभा राहिला. तिने पहिली गोष्ट केली ती भाषा उर्दू करण्याची. अँड्रॉइडमध्ये उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी पूर्ण मांडणी २०१२ मध्ये आली. भाषा बदलताच अँड्रॉइडची बटणे उजवीकडे सरकली, पण तिच्या ॲपमधली दोन जागची हलली नाहीत. अब्बांच्या फोनवर भाषा बदलून असे तपासणे तिला जमलेच नसते. बागेत उभ्या अब्बांना उर्दूतला फोन चालवता आला नसता. दुरुस्ती तिने संध्याकाळपर्यंत केली.

आपल्या मोहल्ल्यांत आणि शाळांत असे जुने कॉम्प्युटर पुष्कळ आहेत. कुणाच्या मुलीने तक्रार केली की ‘चालू होत नाही’, तर ते यंत्र भंगारात देण्याआधी किंवा तिचा हात थांबवण्याआधी टास्क मॅनेजरमधली ती एक ओळ वाचून पाहा.