जाते आणि कॉफीची चक्की

घरी कॉफी दळण्याचे यंत्र घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला आधी किंमत विचारतो, मग ते विजेवर चालते का ते विचारतो. पण खरा प्रश्न तिसराच आहे, आणि तो आपल्या आजीने सर्वांत आधी विचारला असता: बाबा रे, हे जाते आहे की नुसती सुरी? या प्रश्नामागे काही शतकांचा इतिहास आहे.

कॉफीची सुरुवात खलबत्त्यापासून झाली. हे झाड मूळचे इथिओपियाचे. त्याचे पेय पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या जपासाठी घेत. इथिओपियात आजही पाहुण्यांसमोर बुंददाणे भाजून लाकडी उखळीत कुटतात. वास घरभर दरवळतो खरा, पण कुटलेल्या पुडीत पीठही असते आणि कणीही असते. तुर्की रीतीच्या कॉफीला तर पिठासारखी पूड लागते. तेव्हा ऑटोमन मुलखात पितळेची उभी, नळकांड्यासारखी हातचक्की रूढ झाली.

युरोपात या चक्कीला लाकडी पेटीचे रूप आले. फ्रान्समध्ये करवतीची पाती आणि स्प्रिंगा करणाऱ्या प्यूजो घराण्याने १८४० साली कॉफीची चक्की काढली. त्यांच्या मोटारगाड्या पुढे सुमारे पन्नास वर्षांनी आल्या! पेटी गुडघ्यांत धरायची, वरचा दांडा फिरवायचा, खालच्या खणात पूड जमते. आत काय असते? एक दातेरी भाग स्थिर, दुसरा फिरता. म्हणजे आपले जातेच की! दोन दातेरी भागांतले अंतर स्क्रूने कमीजास्त केले, की दळण बारीक किंवा जाडे. अंतर ठरलेले, म्हणून कणही बहुतेक सारखे.

मग वीज आली. १९५६ साली फ्रान्समध्येच मूलिनेक्सची छोटी विजेची चक्की बाजारात आली. तिच्यात जाते नव्हते, गरगर फिरणारे पाते होते. बटण दाबले की काम झाले. स्वस्त, चटपटीत आणि हाताचे कष्ट वाचवणारी! त्या कष्टांना कोणी हसू नये. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईला विचारा, ओव्या गोड असल्या तरी हात दुखायचेच. पण पात्याने एक गोष्ट हरवली. पाते दळत नाही, तोडते. कुठवर तोडायचे हे ठरवणारी फटच तिथे नसते. काही कणांचे पीठ होते, काहींची भरड राहते.

यात बिघडले काय? पाणी बारीक कणांतून अर्क झटकन ओढते, जाड्या कणांतून सावकाश. एकाच कपात एकीकडे कडूपणा उतरतो, दुसरीकडे अर्धवट, आंबटसर चव राहते. पितळी फिल्टरमध्ये तर पीठ भोके बुजवते आणि भरडीतून पाणी तसेच निघून जाते. म्हणूनच पुढे चोखंदळ लोक पुन्हा दातेरी चक्कीकडे वळले. आज ती हाताचीही मिळते, विजेचीही. दाते पोलादाचे किंवा चिनी मातीचे असतात.

तेव्हा निवड कशी करायची? आधी आपण कॉफी कशी पितो ते ठरवा. तुर्की पद्धतीला मैद्यासारखी पूड, दक्षिणी फिल्टरला बारीक रव्याहून थोडी बारीक, दट्ट्याच्या काचेच्या भांड्याला जाडी भरड. दोघांपुरती कॉफी लागत असेल तर हातचक्की पुरे. घर मोठे असेल तर विजेची दातेरी घ्यावी. दुकानात मूठभर दाणे दळून पूड चिमटीत चोळून पाहावी. चक्की उघडून पुसता येते ना, तेही बघावे. दाण्यांचे तेल आत राहिले की खवट होते. तिच्यात मिरी-धने मात्र घालू नयेत. आणि दळावे ते त्या वेळेपुरतेच, कारण दळल्याबरोबर सुवास उडू लागतो.

हातातली पैशाची चणचण मी जाणतो. पात्याचे यंत्र आधीच घरात असेल तर ते टाकू नका. थांबत थांबत फिरवा, मधून हलवा, निभेल. पण नवे घ्यायचेच असेल, तर विजेच्या पात्यापेक्षा हाताचे जाते बरे. जात्याचे कष्ट गेले ते चांगलेच झाले. दोन तळ्यांमधली ती फट मात्र जपण्यासारखी आहे.