केदारच्या वाटेवरील मुक्काम

प्रवासाच्या इतिहासात रस्ते, घाट आणि पूल यांची नोंद सापडते. प्रवाशाने रात्री पाठ कोठे टेकली, हे मात्र फारसे कोणी लिहून ठेवीत नाही. वस्तुतः दिवसाची वाट प्रवासी आपल्या पायांच्या बळावर काटतो, पण रात्रीचा निवारा दुसऱ्या कोणीतरी आधी सिद्ध करून ठेवावा लागतो. थंडीच्या दिवसांत डोंगरात तर त्यावर प्राणच अवलंबून असतात.

महाराष्ट्रातून निघालेला यात्रेकरू प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करी. त्यांतील काहींना पुढे हरिद्वारावरून केदार-बदरीची ओढ असे. परंतु हिवाळा लागला की ती वाट बंद. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३५८० मीटर उंचीवर आहे. भाऊबीजेला तेथील मंदिराची दारे मिटतात आणि उत्सवमूर्ती डोलीत बसून ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. बदरीनाथाची हिवाळी पूजा पांडुकेश्वर व जोशीमठ येथे चालते. देवच जेथून मुक्काम हलवितो, तेथे माणसाने कोणाच्या भरवशावर राहावे? हिवाळ्यात वर निवारा शोधू नये, खाली उतरावे, हाच त्या वाटेचा पहिला नियम होता.

वैशाखात दारे उघडेपर्यंत थांबू इच्छिणाऱ्याला काशीसारखे दुसरे ठिकाण नव्हते. गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय आपली वही उघडून आजा-पणजांची नावे वाचून दाखवीत; तीच प्रवाशाची ओळख आणि तोच त्याचा जामीन. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूंना मराठी घरांची वस्ती होती. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावे आजही नदीकाठी ऐकू येतात. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी काशीप्रमाणेच केदार-बदरीकडेही धर्मशाळा बांधल्या, हे त्या मानाने थोड्यांच्या लक्षात राहते. महेश्वरी बसून त्या बाईंनी, आपण कधी न पाहिलेल्या प्रवाशाच्या रात्रीची चिंता वाहिली.

पहाडातील नेहमीची सोय म्हणजे ‘चट्टी’. काही कोसांवर एखादा दुकानदार साधे छप्पर घालून बसे. निजण्याचे भाडे तो घेत नसे. त्याच्याकडून पीठ, तांदूळ, डाळ आणि तूप विकत घेतले, की जागा मिळे आणि स्वयंपाकाला भांडीही मिळत. दान आणि व्यापार यांची ही मोठी समंजस सांगड होती. पुढे ‘काली कमलीवाले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वामी विशुद्धानंदांनी हृषीकेशात क्षेत्र स्थापून या वाटेवर धर्मशाळांची साखळी उभी केली.

या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. वहीत ज्याचे घराणे नोंदलेले नव्हते, ज्याच्या स्पर्शाने भांडे बाटते असे मानले जाई, त्याने ती थंडीची रात्र कोठे काढावी? आमच्या पंढरीतही हाच प्रश्न होता. गाडगेबाबांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधून त्याला उत्तर दिले, आणि १९४९ मध्ये ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील भांडी वापरण्याचा हक्कही सर्वांना दिला. भांड्यासाठी कायदा करावा लागला, यावरून किती दारे किती काळ बंद होती, याची कल्पना यावी.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेकडे मोटाररस्ते झपाट्याने वाढले. पायवाटा ओस पडल्या आणि त्यांबरोबर बहुतेक चट्ट्याही मोडल्या. आता काशीत बसून पहाडातील खोली आधीच राखून ठेवता येते. वही दाखवावी लागत नाही आणि कुळही सांगावे लागत नाही. हा लाभ लहान नव्हे. मात्र मोटार वरपर्यंत जाते म्हणून हिवाळ्याचा नियम रद्द झालेला नाही. भाऊबीजेला केदारची डोली आजही खाली उतरते. पहाडाकडे निघणाऱ्याने खोलीची चौकशी करण्याआधी तिचीही चौकशी करावी.