शिरगणतीची रात

गोंदियाजवळच्या फुलचूरमधल्या आमच्या जुन्या घराची चौकट सागवानी होती. तिच्या डाव्या खांबावर, छातीच्या उंचीवर, आकडे एकावर एक चढलेले असत: गेरूचे, डांबराचे, शेवटी ऑइलपेंटचे. दर दहा वर्षांनी कुणी मास्तर यायचा, डबीत ब्रश बुडवायचा आणि घराला नवा नंबर देऊन जायचा. आजीला त्याचा भारी राग. "चौकट काय त्याच्या बापाची?" म्हणत ती दिवाळीत ओल्या फडक्यानं खांब घासायची. गेरू निघायचा, डांबर राहायचं.

आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, मात्र ते आकडे पुसलेले चालत नसत. रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी ठरलं, की संध्याकाळी ओसरीवर बसून ते खांबावर बोट ठेवत आणि एकेका आकड्याची गोष्ट सांगत. सगळ्यात तळाचा, पुसट, नखानं चाचपावा लागणारा आकडा 1931 सालच्या शिरगणतीचा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते.

त्या काळी शिरगणती एका रात्रीत व्हायची. आधी घरं मोजून याद्या करायच्या आणि ठरलेल्या रात्री साऱ्या देशानं घरीच थांबायचं. ती रात्र होती 26 फेब्रुवारी 1931. आबाजींना तारीख ठाऊक नव्हती. शिमगा आठवड्यावर आला होता आणि चांदणं होतं, एवढं पक्कं आठवत होतं. धान चुरून झालेलं, तणसाचे ढीग लागलेले, त्यात पोरं लपायची. दवंडी झाली होती की आज कुणी बाहेरगावी जायचं नाही. कंदील घेऊन मास्तर आला, मागून कोतवाल. पणजोबांनी घरातली माणसं बोटांवर मोजून सांगितली आणि एक जास्त सांगितलं. आबाजींची मोठी आत्या तेव्हा माहेरी बाळंतपणाला आली होती. तिचं बाळ पहाटे जन्मलं. "येणारच होतं," असा पणजोबांचा हिशेब. मास्तरनं ते खोडलं की ठेवलं, हे आबाजींना शेवटपर्यंत कळलं नाही. म्हातारपणीही ते हसून म्हणत, "इंग्रजाच्या वहीत आमच्या घरचं एक माणूस कमी किंवा जास्त आहे."

त्या रात्री मास्तरनं प्रत्येकाची जात लिहून घेतली. भारतात सगळ्या जातींची अशी मोजणी होऊन आकडे छापले गेले ते तेव्हा शेवटचे. पोवार, लोधी, कुणबी, कलार, ढीवर, गोवारी, महार, गोंड, हलबा... टोल्याटोल्यानं नावं उतरली. आबाजी म्हणत, "वहीत सारे ओळीनं बसले. पण आले कुठं ओळीनं?"

मग ते येण्याची गोष्ट सुरू करत. आमचे पोवार मूळ माळव्यातले, धारकडचे, असं घराघरांत सांगतात. तिथून रामटेकजवळच्या नगरधनला आले. पुढं नागपूरकर भोसल्यांच्या चिमणाजीबापूंबरोबर कटकच्या मोहिमेवर गेले आणि त्याबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यातली पडीक जमीन त्यांना मिळाली. मी कॉलेजात असताना रसेलचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा 1916 चा ग्रंथ चाळला, त्यात हीच हकिकत छापलेली निघाली. मी ती आबाजींना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्यालाही कुणी म्हाताऱ्यानंच सांगितली असेल."

आणि आपण आलो तेव्हा इथं कोण होतं? हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. त्याचं उत्तर त्यांनी तोंडानं दिलं नाही. पावसाळ्याआधी गावदेवाची पूजा असते, तिथं मला नेलं. नारळ आमच्या घरचा, तांदूळ आमच्या बांधीतला. पण देवापुढं बसला होता तो गोंड भूमक. "ज्याच्या हातानं देव जेवतो, त्याचं गाव," आबाजी म्हणाले. "आपण जुने पाहुणे."

या पाहुण्यांच्या मागून आणखी पाहुणे आले. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ पडले, पुढं ही वाट हावड्याला जाऊन मिळाली, आणि 1905 पर्यंत गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला छोटी लाइन पोचली. डिंक आणि लाखेचा व्यापार करणारं गोंदिया जंक्शन झालं. फुलचूरच्या म्हाताऱ्यांना इंजिनाची शिटी हेच घड्याळ. छत्तीसगडात दुष्काळ पडले, विशेषतः 1896-97 आणि 1899-1900 चे, तेव्हा माणसं त्याच रुळांच्या कडेकडेनं इकडं आली. आमच्या टोल्यातली दोन घरं अशी आलेली. त्यांची म्हातारी शेवटपर्यंत छत्तीसगडी बोलली आणि तिच्या हातचा चिला खाऊन आम्ही वाढलो.

धान्याच्या अडतीसाठी मारवाडी आले, विडीसाठी गुजराती. नडियादहून आलेल्या मनोहरभाई पटेलांचं नाव गोंदियात विडीबरोबर आणि शाळा-कॉलेजांबरोबरही घेतलं जातं. विडीनं आमच्या गावातल्या बायकांचे हात बदलले. आजी दुपारी मांडीवर सूप घेऊन बसायची. तेंदूपान भिजवून कात्रीनं कापायचं, चिमटीत तंबाखू, एक वेढा, टोक दुमडायचं, दोरा. गप्पा मारताना नजर सुपाकडे जायचीसुद्धा नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्यांत पोवारीण होती, कलारीण होती, महारवाड्यातली एक होती आणि मुसलमान मोहल्ल्यातली एक. जेवायला या चौघी एका पंगतीत कधीच बसल्या नाहीत. पण हजाराचा हिशेब चौघींचा एकच, आणि नापास होऊन बाजूला पडणाऱ्या विड्यांवरची चीडही एकच.

सगळ्याच गोष्टी येण्याच्या नव्हत्या. 1918 ची गोष्ट आबाजींची आई सांगायची आणि ती सांगताना दिवा लावू द्यायची नाही. मानमोडीचा ताप आला तेव्हा ती नवी नवरी होती. धान उभं होतं आणि कापायला माणूस नव्हता. एका घरात चार खाटा, पाणी द्यायला कुणी उठेना. मध्य प्रांताला त्या साथीचा तडाखा फार मोठा बसला. 1881 पासून दर दहा वर्षांनी झालेल्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या घटलेली एकाच दशकात दिसते: 1911 ते 1921. पणजीच्या लेखी ते दशक म्हणजे तिच्या दोन नणंदा आणि एक दीर. 1921 ला मास्तर आला, तेव्हा तिनं मेलेल्यांचीही नावं सांगितली आणि तो लिहीत नाही म्हणून भांडली.

पुढं फाळणी झाली. गोंदियात सिंधी आले. कापडाची गाठोडी खांद्यावर घेऊन फुलचूरपर्यंत फेरी करायचे. आजीनं त्यांच्यातल्या एकाकडून उधारीवर पहिलं छापील लुगडं घेतलं. तो तिला "माता" म्हणायचा, ती त्याला "सिंधीभाऊ". देश गमावलेल्या माणसाशी भाव करायची तिला लाज वाटायची, तरी करायची.

माणसं जागची न हलताही गावाची बेरीज बदलते, हे आबाजींनी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा 1956 मध्ये. दोनच वर्षांपूर्वी, 1954 ला, डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या गावची माणसं पांढरी लुगडी, पांढरी धोतरं नेसून रेल्वेनं गेली आणि परतली ती बौद्ध होऊन. आजीच्या सुपाशेजारची ती बाई परतल्यावर ताठ बसायला लागली, असं आजी सांगायची, आणि कौतुक होतं की तक्रार हे तिच्या आवाजावरून कळायचं नाही. 1951 ला आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 ला 27 लाखांच्या वर. एवढी माणसं कुठून आली नव्हती. तीच माणसं, त्याच घरात, त्याच नंबरखाली. फक्त मास्तरला उत्तर त्यांनी स्वतः दिलं.

दुसरा बदल कागदावरचा. आबाजी मध्य प्रांतात जन्मले. 1950 ला ते मध्य प्रदेशात होते, 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. वाघ नदीपलीकडं बालाघाटला दिलेली त्यांची बहीण मध्य प्रदेशातच राहिली. एकाच आईची दोन लेकरं, एकाची मुलं मराठी शाळेत, एकीची हिंदी शाळेत. रक्षाबंधनाला भावंडं भेटली की दोघं पोवारीत बोलायची. 1 मे 1999 ला भंडारा जिल्हा फुटून गोंदिया जिल्हा झाला तेव्हा आबाजी नव्हते. असते तर म्हणाले असते, आता कुठं गेलो आपण?

मध्यंतरी नातीला शाळेत प्रकल्प होता: आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशाची लोकसंख्या. तिनं झिम्बाब्वे घेतला. दीड कोटीच्या वर माणसं, बहुसंख्य शोना, त्याखालोखाल न्देबेले. मी तिला विचारलं, हे न्देबेले कुठले? ती शोधत बसली आणि संध्याकाळी डोळे मोठे करून आली. मझिलिकाझी नावाचा सरदार झुलूंच्या शाकाशी बिनसल्यावर आपली माणसं घेऊन निघाला आणि 1840 च्या सुमारास तिथं पोचला. "आजोबा, म्हणजे आपल्या नगरधनसारखंच?" तसंच. शिवाय त्या देशानं 2013 च्या राज्यघटनेत 16 भाषांना अधिकृत मान्यता दिली आहे. नातीनं बोटं मोजत विचारलं, "आपल्या गावात किती?" मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी, लोधी, सिंधी, गुजराती, मारवाडी, उर्दू. दहा बोटं संपली.

इथंच मला खांबावरचा शेवटचा आकडा आठवतो, 2011 चा. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 13,22,507 निघाली आणि हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया; राज्यात हेच प्रमाण 929 होतं. मला त्याचा अभिमान वाटला. पण त्याच मोजणीतली एक गोष्ट आमच्याच ओसरीवर घडली. मोजणीला आलेल्या बाईंनी मातृभाषा विचारली. माझी आई, जिनं जन्मभर 'आहे'ला 'से' म्हटलं, पदर सावरून म्हणाली, "मराठी." त्या गेल्यावर मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "पाहुण्या माणसासमोर घरची बोली कशाला काढायची?" तिनं पोवारी सांगितलं असतं तरी जनगणनेच्या तक्त्यात ती हिंदीच्याच गटात बेरजेला लागली असती, हे मला नंतर कळलं. तरी गटाच्या पोटात पोवारीचं नाव वेगळं छापलं जातं. तेवढी ओळ आईनं सोडली.

आणि मी तरी काय करतो आहे? आबाजी या साऱ्या गोष्टी पोवारीत सांगत. इथं मी त्या मराठीत उतरवल्या. म्हणजे त्यांना मीही दुसऱ्या रकान्यात बसवलं.

जुनं घर आता नाही. गोंदिया वाढत वाढत फुलचूरला येऊन चिकटलं आहे, बांध्यांचे प्लॉट पडले, कोहमाऱ्याच्या रस्त्यावर दिवसरात्र गाड्या. चौकट मी ठेवून घेतली आहे. सांदवाडीत भिंतीला टेकलेली असते. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता 2027 ची होते आहे, मोबाइलवर, आणि स्वातंत्र्यानंतर जनगणनेत पहिल्यांदा सगळ्या जाती विचारल्या जाणार आहेत. खांबावर आकडा चढतो की नाही, कोण जाणे. पण दारात कुणीतरी येईल आणि विचारेल. त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ एक संध्याकाळ बसा, आपण कुठून आलो ते विचारून घ्या. आणि मातृभाषेचा प्रश्न आला की पदर न सावरता खरं उत्तर द्या. पोवारी असेल तर पोवारी, गोंडी असेल तर गोंडी. आईच्या वेळी मी गप्प बसलो होतो. या खेपेला बसणार नाही.