देठ जगला तर कातडी जगते

१७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. खाली सही म्हणून फक्त ‘बी. एल.’ ही आद्याक्षरं होती आणि सोबत एका मराठी माणसाचं चित्र. माणसाचं नाव कावसजी. हा शेतकरी जातीचा गाडीवान म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं. चित्र काढणारे जेम्स वेल्स, शस्त्रक्रिया पाहिलेले मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, या सगळ्यांचा माग इतिहासात लागतो. कारागिराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. तो वीट भाजणाऱ्या जातीचा होता, एवढीच त्याची नोंद.

त्याचं काम मात्र त्या पत्रात बारकाईने उतरलं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग ती कातडी खाली वळवून जुन्या नाकाच्या कडेला केलेल्या खाचेत बसवायची. वर पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून चिकटवायचा. चार दिवस त्याला हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेलं फडकं ठेवायचं. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापायची.

ती चिंचोळी पट्टी, म्हणजे कातडीचा देठ, हाच या कलेचा जीव. नवी आणि जुनी कातडी एकजीव होईपर्यंत रक्त याच वाटेने येतं, हे पत्रलेखकानेही स्पष्ट लिहिलं आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीतून नाक करण्याची रीत आहे. नाक घडवण्याची विद्या अशा कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती. पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली.

हलवलेल्या कातडीला रक्त कसं मिळत राहील, हाच प्रश्न स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला शंभर वर्षांनी भेटला. अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडने १८९४ मध्ये आपल्या मोठ्या शस्त्रक्रियेचे निकाल प्रसिद्ध केले. त्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढल्या जात. गाठ परत येण्याचं प्रमाण घटलं, पण छातीवर एवढी कातडी कमी पडे की जखम झाकायची कशी, हा पेच उरे. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १८९६ मध्ये पाठीची कातडी पुढे वळवून ती जखम झाकली. काही रुग्णांत त्या कातडीचं टोक मेलं. रक्त तिथवर पोहोचत नव्हतं. त्यांनी रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये कातडीखालचा पाठीचा रुंद स्नायूही सोबत घेतला. स्नायूतल्या रक्तवाहिनीवर कातडी जगली. पुढे ही रीत मागे पडली. १९७० च्या दशकात शल्यचिकित्सकांनी ती पुन्हा शोधली आणि आज ती जगभर वापरात आहे. पोटाची कातडी, चरबी आणि स्नायू वापरून स्तन घडवण्याची हार्टरॅम्फ यांची पद्धत १९८२ मध्ये आली. त्यातही सारी मदार देठातल्या रक्तावरच.

स्तन काढताना आतली ग्रंथी कातडीपासून सोलून वेगळी केली जाते. उरलेली कातडी पातळ असते आणि तिला खालून येणारं रक्त तुटलेलं असतं. टाक्यांची कड सर्वांत लांब, म्हणून ती आधी भोगते. पहिल्या काही दिवसांत तिथे निळसर-जांभळट छटा दिसते, कधी फोड येतात, मग कड काळी आणि टणक होते. तेवढ्याने घाबरून जायचं कारण नसतं. छोटी कड ड्रेसिंगवर सुटते आणि जखम भरून येते. मोठा भाग मेला तर तो काढून पुन्हा टाके घालावे लागतात. आत सिलिकॉनचा इम्प्लांट असेल आणि तो उघडा पडला, तर जंतुसंसर्ग होऊन तो काढावा लागू शकतो. जखम रेंगाळली की केमो आणि रेडिएशनही रेंगाळतं. खरी काळजी त्याचीच. मधुमेह, लठ्ठपणा, आधी झालेलं रेडिएशन आणि तंबाखू यांनी धोका वाढतो.

महाराष्ट्रात या उपचारांची घडी विसाव्या शतकात बसली. मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते. खेड्यातल्या कर्करोगाचं चित्र मात्र बार्शीने दाखवलं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली.

टाटा मेमोरिअलची दारं उघडली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं पालम निजामाच्या राज्यात होतं. १९४८ नंतरही मोठं रुग्णालय म्हणजे दूरचा प्रवास हेच तिथल्या माणसांचं गणित राहिलं. गंगाखेड-लोहा वाटेवरच्या या तालुक्यातली बाई आज नांदेड, छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबई गाठते. टाके घालून ती एसटीने घरी परतली की काळी पडणारी कड डॉक्टरच्या आधी सुनेला, लेकीला दिसते. मराठवाड्यात कितीतरी बाया सकाळी मिश्री लावतात. बिडी ओढत नसल्याने ‘तंबाखू नाही’ असं त्या मनापासून सांगतात. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आणि त्यातलं निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं.

म्हणून शस्त्रक्रिया ठरली की मिश्रीची गोष्ट डॉक्टरला आधी सांगा आणि ती काही आठवडे आधीच सोडा. साखर ताब्यात आणा. घरी आल्यावर जखमेवर हळद, चुना किंवा कुणाचा लेप लावू नका. कड काळवंडली, फोड आले, पाणी साठलं, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा. लवकर दाखवलं तर जखम आणखी बिघडण्याआधी उपचार करता येतात.