समोरच्या टोकाला कोण बसलंय?

माझा एक मित्र खासगी बँकेत कर्जविभागात आहे. महिनाअखेर आली की रात्री साडेनऊपर्यंत टार्गेटचे फोन. दिवाळीपासून त्याला धड झोप नाही. कंपनीनं सगळ्यांना एक ॲप दिलंय, त्यावर समुपदेशकाशी व्हिडिओ कॉलवर मोफत बोलता येतं. त्यानं ते अजून उघडलेलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "लॉगिन कंपनीच्या ईमेलनं आहे रे."

आता यावर हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला हसू आलं नाही, कारण त्याची शंका फार जुनी आहे.

ऑनलाइन थेरपी ही करोनानंतरची शहरी चैन आहे, असं आपल्याकडे बरेच जण समजतात. पण डॉक्टरसमोर न बसता, तोंड न दाखवता मनातलं बोलायची सोय माणसं कधीपासून शोधतायत. मराठीतलं उदाहरण घ्या. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. घरच्या डॉक्टरला विचारायची हिंमत होत नाही ते प्रश्न वाचक त्यांना पत्रानं विचारायचे, आणि उत्तरं मासिकात छापून यायची. प्रश्न बहुतेक लैंगिक असायचे, पण त्यांच्यामागे भीती आणि अपराधीपणाच जास्त. १९३४ मध्ये याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांनी मासिक मात्र १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं.

आपल्याकडे लपायची गरज का पडते, हे वेगळं सांगायला नको. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. त्यांतल्या जवळच्या गावाचं नाव ही आपली शिवी झाली. "याला ठाण्याला न्या" हे आपण शाळेत असल्यापासून म्हणतोय. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना असला, तरी बाहेर काढलेल्या चपला कुणाच्या, हे समोरच्या टपरीवाल्याला माहीत असतं.

ज्या वर्षी कर्वे गेले त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९५३ ला, लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या धर्मगुरूनं आपल्या चर्चमधून एक टेलिफोन सुरू केला. जीव नकोसा झालेल्यांनी फोन करावा म्हणून. तरुणपणी त्यानं एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. पाळी सुरू झाली, तिला वाटलं भयंकर रोग झाला, आणि विचारायला कुणी नव्हतं. (कर्व्यांचे वाचक तरी पत्र लिहू शकत होते.) वाराला भेटायला येणाऱ्यांची रांग लागायला लागली. रांगेतल्यांना चहा देणारे, दोन शब्द बोलणारे साधे स्वयंसेवक होते. कितीतरी माणसं त्यांच्याशीच बोलून हलकी होऊन परत जायची, वाराची गरजच पडायची नाही. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. जगभरच्या हेल्पलाइन याच वाटेनं गेल्या.

पडद्यावरचे उपचारही जुनेच. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९५९ पासून मानसोपचारासाठी दुतर्फा टीव्ही वापरायला लागले. १९६४ मध्ये ओमाहातली संस्था आणि सुमारे १८० किलोमीटरवरचं सरकारी मनोरुग्णालय असं जोडलं गेलं. कारण आपल्यासारखंच, लांबच्या गावात डॉक्टर नाही.

पण माझ्या मित्राचा प्रश्न यातल्या कशानं सुटत नाही. वाराचा फोन कुणा मालकाचा नव्हता. मालकानं ठेवलेला ऐकणारा पाहायचा तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जावं लागतं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा प्रचंड कारखाना. बनवायचे काय, तर टेलिफोनचं सामान! तिथं १९३६ मध्ये कंपनीनं पगारी समुपदेशक नेमले. ते कामाच्या जागी फिरायचे, कामगारांचं ऐकायचे. ऐकलेलं गुप्त ठेवायचं, हा नियम होता. दुसरा नियम असा की तक्रारीवर त्यांनी स्वतः काहीही करायचं नाही. सुपरवायझर छळतो, कामाचा वेग झेपत नाही, हे सगळं ऐकायचं, माणसाला मोकळं होऊ द्यायचं आणि पुढच्या मशीनकडे जायचं. वीसएक वर्षं हे चाललं. टीकाकार तेव्हाच म्हणत होते की ही वाफ काढून द्यायची सोय आहे, खालची शेगडी तशीच पेटलेली.

मला ही टीका अर्धीच पटते. वाफ निघणं ही लहान गोष्ट नाही. हे मी स्वतःवरून सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये रोज संध्याकाळी स्मशानभूमीत फोन करून आकडा घ्यायचा, सरकारी आकड्याशी ताडायचा आणि बातमी पाठवायची, हे माझं काम होतं. जूनमध्ये आकडे कमी झाले तेव्हा माझे हात थरथरायला लागले. पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंशी मी फोनवर बोलायला लागलो. घराच्या भिंती पातळ, म्हणून मार्केट यार्डामागे गाडी लावून, काचा वर करून बोलायचो. पहिल्या दोन वेळा मी आडनाव खोटं सांगितलं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. आठ वेळा बोललो. हात थांबले. ड्युटीचे तास होते तेवढेच राहिले.

मी बोलू शकलो त्याचं कारण हेच, की त्या बाईंचा माझ्या संपादकाशी काही संबंध नव्हता.

आपल्याकडे डॉक्टरांना फोन-व्हिडिओवर तपासण्यासाठी स्पष्ट नियम मिळाले ते २५ मार्च २०२० ला. म्हणजे देश बंद झाला त्याच दिवशी. त्यानंतर ॲपची रांग लागली. कंपन्यांनाही ते सोयीचं. माणूस कमी करायचा, काम तेवढंच ठेवायचं आणि उरलेल्याला ॲपची लिंक पाठवायची, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. सगळ्याच कंपन्या तशा असतात असं नाही.

आणि ऐकलेलं जातं कुठे? अमेरिकेतल्या 'बेटरहेल्प' या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीनं ग्राहकांना माहिती खासगी राहील असं सांगितलं होतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये आरोप ठेवला की लोकांचे ईमेल आणि त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण ७८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. फेसबुक, म्हणजे आत्ता तुम्ही हे वाचताय तेच असू शकेल.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २३ आहे. रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यावर ते बंधन आहे. पण कोण किती वाजता ॲपवर गेलं, किती वेळा गेलं, ही यादी कंपनीकडे जाते का, हे कंपनी आणि ॲपवाले यांच्यातल्या करारावर ठरतं. तो करार कामगाराला कुणी दाखवत नाही.

मित्राला मी १४४१६ हा नंबर दिला. केंद्र सरकारची 'टेली-मानस', १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतही. कंपनीचा ईमेल लागत नाही. "सरकारी आहे म्हणजे लागेल का?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, लावून बघ. गुरुवारी रात्री त्यानं लावला, बँकेच्या पार्किंगमधून. काय बोलला ते मी विचारलं नाही.

बँक, विमा, फायनान्स, हॉस्पिटल, पोलीस, जिथं कुठं तुम्ही असाल आणि असं ॲप मिळालं असेल, तर दोन गोष्टी ऑफिसला लेखी विचारा. वापरणाऱ्यांची नावं तुमच्याकडे येतात का? आणि माहिती किती वर्षं ठेवली जाते? जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते मला इनबॉक्सला कळवा. त्यावर बातमी करतोय. नाव कुणाचंही छापणार नाही.